लायमन-आल्फा शोषणरेषा: यूव्ही बॅकग्राउंडचा तक्ता कुठला घ्यावा?

रिमझिम: एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे. क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) वर्णपटातल्या शोषणरेषांवरून वाटेतल्या वायूची घनता नि धातूंचं (हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं) प्रमाण 'क्लाउडी' या संगणक-प्रणालीने काढायचंय. वायूचे ढग रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली जाते तो आकडा) ०.२ ते ०.४ मधले. यूव्ही बॅकग्राउंडसाठी, म्हणजे विश्वात सगळीकडे पसरलेल्या अतिनील प्रकाशासाठी, जो तो हार्ट-मदाऊ २०१२चा तक्ता घेतो, मीही तोच घेऊ का? आणि आधी वाचू काय?

खगोलवेडा: इतक्या कमी रेडशिफ्टला डोळे झाकून नको. २०१४ साली कोलमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेडशिफ्ट ०.१ जवळच्या रेषा जुळवायला त्या तक्त्याच्या पाचपट आयनीकारक प्रारणं लागतात. पुढे तो आकडा बराच खाली आला, पण तक्ता कमी पडतो हे राहिलंच. विक्रम खैरे आणि आर. श्रीआनंद (दोघंही तेव्हा आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत) यांनी क्वेसारचं उत्सर्जन नव्याने मोजून धरलं, तर जवळच्या विश्वात हायड्रोजनच्या आयनीभवनाचा दर जवळपास दुप्पट आला. त्यांचा २०१९चा तक्ता घ्या, क्लाउडीत 'केएस१८' नावाने मिळतो.

रिमझिम: पण त्याने माझ्या उत्तरात फरक किती पडेल?

खगोलवेडा: चांगलाच. आयनांच्या गुणोत्तरावरून तुम्हाला कळतं ते फोटॉन आणि हायड्रोजन यांच्या घनतांचं गुणोत्तर. फोटॉन निम्मे धरलेत की वायूची घनताही निम्मीच निघणार, आणि मग ढगाची लांबी फुगणार. धातूंचं प्रमाण मात्र वर्णपटाच्या उतारावर जास्त हलतं.

जुना_दुर्बिणवाला: वाचायला मॅकक्विनचा २०१६चा आढावा लेख. गन-पीटरसन यांचा १९६५चा मूळ शोधनिबंध नंतर वाचा, आधी वाचलंत तर कंटाळाल. आणि क्लाउडी उघडण्याआधी एक-दोन वर्णपट नुसते डोळ्यांनी बघा. रेडशिफ्ट ३ची लायमन-आल्फा रेषा (हायड्रोजनची) ४८६३ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे दृश्य प्रकाशात येते. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीचे ४६७ क्वेसारचे वर्णपट 'स्क्वाड' संग्रहात फुकट आहेत. तुमची ०.३ची रेषा पडते १५८०वर, म्हणजे अतिनीलात. ती जमिनीवरून दिसायची नाही, तिथे हबल अवकाश दुर्बिणीच्या कॉस या वर्णपटमापकाचाच विदा लागतो.

रिमझिम: केएस१८मध्ये क्वेसारच्या वर्णपटाचा उतार वेगवेगळा धरलेले सात पर्याय दिसतायत, क्यू१४ ते क्यू२०. सातही चालवू?

खगोलवेडा: कशाला? क्यू१८ मुख्य ठेवा, दोन टोकं म्हणून क्यू१४ आणि क्यू२० चालवा. त्यांतला फरक प्रबंधात त्रुटीच्या रकान्यात वेगळा लिहा, मोजमापाच्या त्रुटीत मिसळू नका. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.