मदत हवी आहे: माशांच्या टाकीवरची पट्टी मंद, चोक बदलू की ट्यूब?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात राहतो. घरी चार फुटी टाकी आहे, वर ३६ वॅटची टी-८ (इंचभर जाडीची) ट्यूबलाइट पट्टी, जुना तांब्याचा चोक अन् स्टार्टर. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पार बसतं, ट्यूब नुसती फडफडते. टाकीतल्या व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पानं पिवळी पडलीत. ट्यूबची दोन्ही टोकं काळी झालीत, म्हणजे ती तशीही जाणारच.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, इलेक्ट्रॉनिक चोक टाका, काम फत्ते. कमी व्होल्टेजला तो तग धरतो हे पटतं. पण स्वस्तातल्या चोकवर बॅलास्ट फॅक्टर, म्हणजे त्या चोकवर ट्यूब आपल्या पूर्ण उजेडाचा किती हिस्सा देते तो आकडा, छापलेलाच नसतो. तो ०.८ निघाला तर ट्यूब कितीही भारी घ्या, उजेड पाचवा हिस्सा कमीच! दुसरीकडे साधी कूल डेलाइट ट्यूब २५०० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास, अन् ट्रायफॉस्फर ८६५ (तीन रंगांच्या फॉस्फर लेपाची ट्यूब) तेवढ्याच वॅटमध्ये ३२०० च्या वर.

मग आधी काय बदलू? ०.९५ च्या वर फॅक्टर लिहिलेला चोक यवतमाळ-अमरावतीकडे कोणी घेतलाय का? अन् कृपा करून 'एलईडी लावा' सांगू नका, ते सगळेच सांगतात.