मॉरिशसमधल्या ‘बेस्ट लूझर’ जागा आता बंद कराव्यात का?

माडाखाली: मॉरिशसच्या संसदेत ६२ खासदार मतदानाने निवडून येतात. त्यावर जास्तीत जास्त ८ जागा पडलेल्या उमेदवारांतून भरतात, म्हणजे कमी प्रतिनिधी निवडून आलेल्या समाजाला वाटा मिळावा. हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’, असे चार गट घटनेतच आहेत. कोण कुठल्या गटात, हे म्हणे ‘जीवनपद्धती’वरून ठरवायचं! आणि हिशोब १९७२च्या जनगणनेचा, कारण पुढच्या जनगणनांत समाज विचारणंच बंद झालं. माझ्या मते ही पद्धत मोडीत काढावी.

जुनी_वही: अजिबात पटलं नाही. मुसलमान तिथे साधारण १७ टक्के. काही कच्छी-सुरती व्यापारी सोडले तर बहुतेक बिहारकडून ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारावरच्या मजुरांचे वंशज. पोर्ट लुईसचा काही भाग सोडला तर बेटभर विखुरलेले, मग निवडून येणार कुठून? स्वातंत्र्य मार्च १९६८चं, आणि त्याच जानेवारीत पोर्ट लुईसमध्ये मुसलमान आणि क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज) यांच्यात दंगल पेटली, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. त्याआधीच मुसलमानांचे नेते अब्दुल रझाक मोहम्मद यांनी आपल्या समाजाला स्वातंत्र्याच्या बाजूने उभं केलं, ते या जागांच्या भरवशावर. आज २०० रुपयांच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

माडाखाली: तेव्हाची भीती खरी होती, मान्य. पण नंतर कासम उतीम दहा वर्षं राष्ट्रपती होते, २०१५ला अमीना गुरीब-फकीम झाल्या. अजून कसली भीती?

जुनी_वही: राष्ट्रपती संसद निवडते, लोक नाही. अधिकारही नावापुरते. त्यावरून मतपेटीचं काय कळणार?

पोर्टलुईसची_सून: माझं सासर तिथलं मराठी. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, ईदलाही. शेजारच्या मुसलमान घरातून ईदला बिर्याणी येते, आमच्याकडून मोदक जातात. पण या हिशोबात आम्ही मराठी, तमिळ, तेलुगू सगळे ‘हिंदू’. आमची वेगळी मोजणी नाही, आणि ती मागावी असं मला वाटतही नाही. माझ्या मुलाला उद्या उभं राहायचं असेल तर अर्जावर आधी समाज का लिहावा त्याने? २०१२ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही ही सक्ती चुकीची ठरवली. २०१४ला एका निवडणुकीपुरती सूट मिळाली, बस.

जुनी_वही: ताई, सक्ती काढा, माझी हरकत नाही. पण जागा काढायच्या आधी त्यांच्या बदली काय देणार ते ठरवा. नुसतं ‘आपण सगळे मॉरिशियन’ म्हणणं बहुसंख्याकांना सोपं जातं.

माडाखाली: पक्षांना मतांच्या प्रमाणात काही जागा द्या, यादीत सगळ्या समाजांची माणसं घ्यायला लावा. एवढं झालं तर चालेल तुम्हाला?

जुनी_वही: यादीतला क्रम पक्षाध्यक्षच ठरवणार ना? मग नाही चालणार.