मदत हवी आहे : जुन्या कापडी बाहुलीतून भुकटी पडतेय

टिकली: आजीने हाताने शिवलेली बाहुली ट्रंकेत सापडली. उचलली की भुकटी पडते, कुबट वासही येतो. ताई रविवारी कॅनडाला परत जातेय, तिला द्यायचीय. धुऊ का? लवकर सांगा प्लीज.

घाटावरचा: फोटो?

वरणफळं: रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवा बिनधास्त. मी जुन्या इरकली अशाच धुते.

सुईदोरा: थांबा!! साडी दोरीवर वाळते, बाहुलीचं पोट आत ओलंच राहतं आणि बुरशी धरते. शिवाय जुना लाल रंग सुटला तर चेहऱ्यावर उतरेल. टिकली, आत काय भरलंय? चेहरा दोऱ्याने भरलाय की रंगवलाय?

टिकली: आतलं कसं कळणार? उसवू?

सुईदोरा: अजिबात नको! दाबून बघा.

नाना_नाशिककर: डांबरगोळ्या टाका, विषय संपला.

घाटावरचा: म्हणजे कॅनडापर्यंत वास. भुकटी म्हणजे कीड. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, गार कापडाला दव धरतं. संग्रहालयांतही किडीसाठी हेच करतात.

नाना_नाशिककर: रविवार कधी, दोन आठवडे कधी? हिशेब कच्चा आहे तुमचा.

वरणफळं: आमच्या फ्रीजरात बोंबील असतात. बाहुलीला कोण घेणार मग?

परदेशी_पाहुणा: इकडे अमेरिकेत अशा बाहुल्यांना मोठी किंमत येते. ऱ्होड आयलंडच्या इझाना वॉकर यांनी १८७३ मध्ये कापडी बाहुलीचं पेटंट घेतलं होतं. साच्यात दाबलेलं कापड, त्यावर तैलरंगात चेहरा. विकताना घाई करू नका.

टिकली: विकायची नाहीये हो! फोटो चढत नाहीये. दाबलं की करकरते, भुकटी लाकडाच्या भुशासारखी. पाठीची शिवण थोडी सुटलीय. चेहरा ऑइलपेंटचा, अंगात खणाचं परकर-पोलकं.

सुईदोरा: हे आधी सांगायचं ना! भरलेला भुसाच गळतोय बहुतेक. तरी भिंगाने बघा. कापडाला बारीक भोकं किंवा अळीची कात दिसली, तर कीड. पण फ्रीजर नको, रंगाला तडे जातील. शिवणीवर धुतलेल्या मऊ मलमलचा तुकडा ठेवून बारीक सुईने सैल टाके घाला, शक्यतो जुन्याच भोकांतून. धाग्याला ताण दिलात तर जुनं कापड फाटेल. वासासाठी सावलीत वाऱ्यावर ठेवा. ऊन नको, खणाचा रंग उडेल.

घाटावरचा: आणि कीड निघाली तर? ताईच्या घरचे गालिचे?

सुईदोरा: "तरी भिंगाने बघा" कोणासाठी लिहिलं मी?

टिकली: बघितलं. भोकं नाहीत, कात नाही. मलमल आणलीय. फ्रीजर रद्द.

घाटावरचा: गालिच्याला लागलं की माझी आठवण काढा.

वरणफळं: परकराला तरी रिठा लावा हो.