दोन वर्षांच्या मुलीसह क्रूझ: खोली, तलाव आणि डायपर

दोन वर्षांच्या मुलीला सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर न्यावे का आणि तिला बोट लागेल का, असे आपण विचारले आहे. अवश्य न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोट लागण्याचा त्रास दोन वर्षांखालील मुलांना क्वचितच होतो, मात्र पुढच्या वयात तो वाढतो. म्हणून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, जिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, तिथली खोली घ्यावी, बाल्कनी नाही मिळाली तरी चालेल.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती डायपरची बाब. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर डायपर वापरणाऱ्या मुलांना, पोहण्याचा खास डायपर घातलेला असला तरीही, मुख्य तलावात उतरू देत नाहीत, आणि मुलांच्या क्लबमध्येही साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेल्या व शौचाची सवय लागलेल्या मुलांनाच घेतात. त्यामुळे लहानग्यांसाठी पाण्यात खेळण्याची वेगळी जागा त्या विशिष्ट जहाजावर आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे, कारण समोर पाणी दिसत असताना एवढ्या लहान मुलीला काठावर थोपवून धरणे तिलाही आणि आईवडिलांनाही फार जड जाते.

जहाज पेनांग किंवा फुकेतला थांबणार असेल, तर मलेशिया व थायलंडचे प्रवेशनियम मुलीच्या पासपोर्टसाठीही तपासावेत.