मदत हवी आहे: कोब्याशी 90 अंश आले, मग खांब ओळंब्यात आहे असं समजायचं का?

खानापूर तालुक्यात गावाकडच्या जुन्या घराला पुढं सोपा काढतोय. विटेचे खांब 9 फूट उंच, वर तुळई आणि कौलं. खांब उभे राहिलेत, तुळई चढायची आहे. बाजूनं बघितलं की खांब रस्त्याकडं झुकल्यासारखे वाटतात. मिस्त्री मात्र ठाम. मागच्या भिंतीपासून खांबाचं अंतर खाली-वर सारखंच, 6 फूट. नववीतल्या मुलीनं कंपासपेटीतला कोनमापक लावला, तर कोबा आणि भिंत, कोबा आणि खांब, दोन्हींचा रस्त्याकडचा कोन 90. संगत कोन सारखे, म्हणजे समांतर, असं ती म्हणते. मिस्त्री म्हणाले, "झालं की ओ मग! आता आणि काय बघताय?" भिंत आजोबांच्या वेळची, मातीत बांधलेली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कोब्याला बाहेर उतार दिलाय, 6 फुटांत दीड इंच. काम पुढं जाऊ द्यावं का?

प्रतिसाद
थांबवा. मुलीचं बरोबर आहे, पण तिनं सिद्ध केलं ते एवढंच की खांब भिंतीला समांतर आहे. भिंत कलली असेल तर खांबही तिच्याबरोबर कलला. आणि छेदिका कुठली घेतली? उताराचा कोबा! उताराशी काटकोन म्हणजे 9 फुटांत सव्वादोन इंच बाहेर. उभा खांब असता तर तो कोन 91 च्या थोडा वर यायला हवा होता. अर्थात कोनमापकात अर्धा अंश इकडंतिकडं होतोच, आणि अर्धा अंश म्हणजे 9 फुटांत जवळपास एक इंच. वीटकामाच्या आयएस 2212 या भारतीय मानकात 3 मीटरला 6 मिमी एवढीच सूट आहे, ती कोनमापकाला दिसायचीच नाही. ओळंबा टाका.

धागाकर्ता
टाकला होता, वाऱ्यानं गोळा थांबतच नाही.

दुसरा प्रतिसाद
गोळा पाण्याच्या बादलीत बुडता ठेवा, पण तळाला टेकू देऊ नका. मग दोरी आणि खांब यांतलं अंतर वर आणि खाली पट्टीनं मोजा. सारखं आलं तर खांब दोरीला समांतर, आणि दोरी उभी असतेच. एका अंगानं भागत नाही, शेजारच्या अंगानंही बघा. समोरून सरळ दिसणारा खांब आडवा कललेला असू शकतो. कोनच मोजायचा हट्ट असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना समपातळी खुणा करा, त्यांवर सूत ताणा आणि सुताशी गुण्या लावा. कोब्याशी नको.

धागाकर्ता
आज सकाळी वारा नव्हता. बाजूच्या अंगानं ठीक आहे. पुढून मात्र दोरी वर 2 इंच, खाली सव्वातीन. भिंतीचंही तेवढंच. मिस्त्री म्हणतात गिलाव्यात काढू.

पहिला प्रतिसाद
सव्वा इंच गिलाव्यात भरला तरी आतली वीट कललेलीच राहणार, आणि तुळईचं वजन त्या विटेवर येणार. जिथून ओळंबा सुटायला लागतो तिथपर्यंत खांब उतरवून परत बांधून घ्या, अंतर भिंतीपासून न धरता ओळंब्यानं धरा. मातीच्या भिंतीचं इथं बसून सांगता येणार नाही, तडे आहेत का ते इंजिनिअरला दाखवा. तोवर वाशांचं दुसरं टोक त्या भिंतीवर टेकवू नका.