थायलेरियात (गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तातील परजीवीच्या आजारात) डिमिनाझिन चालेल का?

प्रश्न (मोहोळ, जि. सोलापूर): माझ्या संकरित होल्स्टिन गाईला तीन दिवसांपासून 105 अंश ताप असून खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली आहे, आणि कासेभोवती गोचीड दिसतात. शेजारच्या दादांकडे डिमिनाझिनचे इंजेक्शन शिल्लक आहे. ते द्यावे का?

उत्तर 1 (पशुवैद्यक): कृपया देऊ नका. डिमिनाझिन बबेसियावर, म्हणजे लघवी कॉफीसारखी होणाऱ्या आजारावर, उपयोगी पडते. गाठी सुजल्या असतील तर थायलेरियाचा संशय अधिक, आणि त्यावर बुपार्वाक्वोन हेच औषध आहे. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला 2.5 मिलिग्रॅम असून ते मानेच्या स्नायूत खोलवर, डॉक्टरांकडूनच टोचून घ्यावे. त्याआधी कानातील रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. उशीर झाल्यास रक्त इतके कमी होते की औषध लागू पडूनही गाय वाचवणे अवघड जाते.

उत्तर 2 (बार्शी): आमची गाय दुसऱ्याच दिवशी उपचार मिळाल्याने वाचली, चौथ्या दिवशी ती रवंथ करू लागली तेव्हा घरातल्या सर्वांचा जीव भांड्यात पडला. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा मात्र अवश्य बुजवा, कारण गोचीड तिथेच लपतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डॉक्टरांना आत्ताच फोन केला आहे.