रक्त पातळ करायची गोळी बदलून घ्यावी का? मदत हवी आहे

पाटावरवंटा: दादाला (४१) दिवाळीत स्ट्रोक आला. तेव्हापासून एसिट्रॉम चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) कधी ३.८, कधी १.६. वहिनी कॅलेंडरवर अख्ख्या गोळीला गोल आणि अर्धीला चंद्रकोर काढते, तरी हे असं. शेजारच्या काकांना रिव्हारोक्सॅबान आहे, त्यांना आयएनआरची भानगडच नाही. आमचे डॉक्टर 'नको' म्हणतात, कारण सांगत नाहीत. सोमवारी नंबर लावलाय. लवकर सांगा.

उंबरठा: स्ट्रोक कशामुळे? काकांना काय झालंय?

पाटावरवंटा: काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. दादाचं रक्त गोठतं.

शेवग्याची शेंग: बाबा तीन वर्षं अ‍ॅपिक्सॅबानवर (रिव्हारोक्सॅबानच्याच जातीची गोळी) ठणठणीत आहेत. बिनधास्त बदला.

उंबरठा: शेंगताई, बाबांनाही ठोक्यांचाच त्रास ना? मग तुलना कशी? पाटा, रक्त गोठतं म्हणजे नेमकं काय? फाइल उघडा.

पाटावरवंटा: अँटीफॉस्फोलिपिड लिहिलंय. हे आधी सांगायला हवं होतं का?

उंबरठा: अहो, सगळं त्यावरच अडलंय! या आजारात शरीर स्वतःच अशा अँटिबॉडी बनवतं की रक्ताच्या गुठळ्या होतात. २०१८ साली इटलीतला अभ्यास आला. या आजाराच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेले १२० रुग्ण, निम्म्यांना रिव्हारोक्सॅबान, निम्म्यांना वॉर्फरिन. रिव्हारोक्सॅबानवाल्यांत चौघांना स्ट्रोक, तिघांना हार्ट अटॅक. वॉर्फरिनवाल्यांत एकालाही नाही. अभ्यास मध्येच थांबवला. एसिट्रॉम ही वॉर्फरिनचीच सख्खी बहीण.

जवसाची चटणी: रोज दोन पाकळ्या कच्चा लसूण. गोळ्या सुटतील.

उंबरठा: कृपा करून स्ट्रोकच्या पेशंटला असले सल्ले देऊ नका.

जवसाची चटणी: आमच्या आजीला कुठे आयएनआर माहीत होता?

शेवग्याची शेंग: पण डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगायला काय हरकत होती? पाटा, पालेभाजी बंद केलीय का?

पाटावरवंटा: आठवडाभर बंद. रविवारी मात्र मेथीची जुडी दादा एकटा संपवतो.

उंबरठा: सापडलं बहुतेक! पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा असर कमी करतं. बंद नको, पण दर आठवड्याला साधारण सारखी खाऊ दे. अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी घेतली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोस स्वतः हलवू नका. आणि आजार पक्का ठरवायला तिन्ही चाचण्या बारा आठवड्यांनी पुन्हा केल्या का?

पाटावरवंटा: एकदाच केल्यात. तिन्हींपुढे पॉझिटिव्ह. सोमवारी हेच आधी विचारतो.

गावठी तूप: मेथी कडू लागू नये म्हणून काय करता?